‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

एखाद्या मोठ्या संघाचा फुटबॉलपटू गुडघा धरून मैदानावर कोसळला, की दोन-चार दिवसांत क्लबचं निवेदन येतं. कोणतं लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा पट्टा) तुटलं, ऑपरेशन कोणत्या शहरात कोणत्या डॉक्टरांनी केलं आणि ते यशस्वी झालं, एवढं त्यात असतं. युरोपातल्या फुटबॉलमध्ये ते शहर बहुधा बार्सिलोना, रोम किंवा लंडन असतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळतात त्या खेळात, ते अलाबामातलं बर्मिंगहॅम किंवा लॉस एंजेलिस असतं. डॉक्टरांचं नाव वाचलं की चाहत्यांचा जीव भांड्यात पडतो.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र ‘यशस्वी’ या शब्दात फार थोडं मावतं. नवा ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटऐवजी लावलेला पट्टा, जागेवर बसला, स्क्रूने तो पक्का धरला, टेबलावर गुडघा पूर्ण सरळ झाला आणि पुरेसा वाकला, टाके पडले. बस्स. खेळाडू परत उतरेल का हे कळायला नऊ ते बारा महिने जातात. पूर्वीसारखा खेळेल का हे कळायला दोन-तीन हंगाम जातात, आणि पंचेचाळिशीत त्याला जिना धड उतरता येईल का हे कळायला वीस वर्षं. ती उत्तरं हाती येतात तेव्हा निवेदन काढायला कुणी उरलेलं नसतं.

या नामवंत अस्थिशल्यविशारदांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. तक्रार वेगळी आहे. कौशल्याचा पुरावा म्हणून आपण त्यांच्या रुग्णांची नावं स्वीकारतो, निकाल मागत नाही. आणि हा डॉक्टर खेळाडूचा की क्लबचा, हा प्रश्न त्यांच्या नावाच्या वजनाखाली दबून जातो. निकाल उघड व्हायला हवेत आणि खेळाडूचा डॉक्टर क्लबच्या हिशेबातून बाहेर पडायला हवा.

या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव जेम्स अँड्र्यूज यांचं. लुइझियानात १९४२ साली जन्म, कॉलेजात पोल व्हॉल्टचे विजेते, जॉर्जियातल्या कोलंबस गावी जॅक ह्यूस्टन यांच्याकडे उमेदवारी, १९८६ पासून बर्मिंगहॅम. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात तशी अमेरिकेत क्रीडा-शल्यचिकित्सेची घराणी आहेत. ह्यूस्टन यांच्याकडून अँड्र्यूज आणि अँड्र्यूज यांच्याकडून शेकडो फेलो, म्हणजे हाताखाली शिकलेले तरुण सर्जन, अशी एक परंपरा. दुसरी लॉस एंजेलिसची, रॉबर्ट कर्लन आणि फ्रँक जोब यांनी १९६५ मध्ये सुरू केलेली. त्याच केंद्रातल्या नील एलाट्राश यांनी २००८ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीचा गुडघा आणि २०२३ मध्ये ॲरन रॉजर्सचा टाचेजवळचा अकिलीस टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) दुरुस्त केला. संघांचे डॉक्टर बहुतांशी अशाच घराण्यांतून तयार होतात. त्यामुळे खेळाडू ‘सेकंड ओपिनियन’ घ्यायला जातो तेव्हा पहिलं मत शिष्याचं आणि दुसरं गुरूचं असणं अगदी शक्य असतं.

अँड्र्यूज यांची कीर्ती ज्या ऑपरेशनांवर उभी आहे त्यांतली दोन तर दंतकथाच झाली आहेत. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा मुख्य चेंडूफेक्या, असलेल्या ड्र्यू ब्रीझचा चेंडू फेकण्याचा उजवा खांदा ३१ डिसेंबर २००५ रोजी निखळला. सांध्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड फाटली होती. अँड्र्यूज यांनी ती शिवली. मायामीच्या संघाच्या डॉक्टरांना त्या खांद्याचा भरवसा वाटला नाही, न्यू ऑर्लिन्सने धोका पत्करला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ब्रीझने त्यांना सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, जिंकून दिला. दुसरा एड्रियन पीटरसन, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. २४ डिसेंबर २०११ रोजी त्याच्या डाव्या गुडघ्याची दोन लिगामेंट गेली, ३० डिसेंबरला ऑपरेशन झालं आणि नऊ महिने पुरे होण्याआधीच, सप्टेंबर २०१२ मध्ये, तो हंगामाच्या पहिल्या सामन्यात धावत होता. त्या हंगामात त्याने २०९७ यार्ड काढले, एका हंगामातल्या सार्वकालिक विक्रमाला अवघे ८ कमी.

आता याच अँड्र्यूज यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक शोधनिबंध पाहा. त्यांच्या केंद्रात एसीएल या गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची पुनर्रचना झालेल्या, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या ४९ खेळाडूंचा तो हिशेब होता. त्यांतले ३१ जण परत लीगच्या सामन्यात उतरले, सरासरी १०.८ महिन्यांनी. १८ जण उतरलेच नाहीत. जगातले सर्वांत अनुभवी म्हणावेत असे हात, तरी तिघांमागे एकापेक्षा जास्त जण परतले नाहीत. कोण परतले, याचं उत्तर अधिक बोलकं आहे. ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्या चार फेऱ्यांत निवडलेले आणि आधीच काही सामने खेळलेले खेळाडू इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात परत आले. सर्जन तेच, केंद्र तेच. ज्याच्यात क्लबची मोठी गुंतवणूक होती त्याला वेळ, फिजिओ आणि संघात जागा मिळाली. सातव्या फेरीतल्या पोराला ते मिळालं नसावं, असं मी यातून वाचतो. काहींची गुणवत्ताच कमी असेल हेही खरं, पण तेही सर्जनच्या हातातलं नव्हे. हा निबंध लिहिणाऱ्यांना मी मनापासून मानतो, कारण त्यांनी स्वतःचे न परतलेले रुग्ण मोजले. दुर्दैवाने लोकांच्या लक्षात पीटरसन राहिला, ४९ पैकी ३१ हा आकडा राहिला नाही.

मग सर्जनच्या हातात नेमकं काय असतं? पुष्कळ काही, आणि ते समजून घेतल्याशिवाय टीका करण्यात अर्थ नाही.

एसीएल हे साधारण तीन सेंटिमीटर लांबीचं लिगामेंट मांडीच्या हाडाला आणि नडगीला गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवतं. तुटलं की ते सहसा शिवून टिकत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा पट्टा बसवतात. व्यावसायिक खेळाडूंत बहुधा वाटी आणि नडगी यांच्यामधल्या पटेलर टेंडनचा मधला तिसरा हिस्सा घेतात. सुमारे १० मिलिमीटर रुंदीचा पट्टा आणि दोन्ही टोकांना हाडाचा एकेक तुकडा. हाड हाडाला जुळतं म्हणून हा ग्राफ्ट लवकर पकडतो, पण पुढे गुडघे टेकताना वाटीखाली दुखत राहू शकतं. दुसरा मार्ग मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगच्या टेंडनचा. त्यात पुढचं दुखणं कमी, मात्र स्कँडिनेव्हियाच्या नोंदवह्यांत हा ग्राफ्ट पुन्हा बदलावा लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. मृत दात्याचा ग्राफ्ट विशीतल्या खेळाडूला बसवू नये, हे आता जवळपास सर्वमान्य आहे, कारण तरुण वयात तो कितीतरी जास्त वेळा तुटतो.

खरी कसोटी बोगद्यांची. दोन्ही हाडांत आठ ते दहा मिलिमीटर व्यासाचे बोगदे पाडून त्यांत ग्राफ्ट ओवतात. मांडीच्या हाडातला बोगदा मूळ लिगामेंटच्या जागी, म्हणजे खाली आणि मागे हवा. तो वर गेला तर ग्राफ्ट उभा बसतो. मग टेबलावर गुडघा पुढेमागे हलत नाही, सगळं छान वाटतं, पण मैदानात पाय रोवून वळताना गुडघा ‘सटकतो’. तो पुढे सरकला तर वाकवताना ग्राफ्ट ताणला जातो आणि एक तर गुडघा पुरता वाकत नाही, किंवा ग्राफ्ट हळूहळू सैल पडतो. फार मागे गेला तर हाडाची मागची भिंत फुटते आणि स्क्रूला धरायला जागाच उरत नाही. नडगीतला बोगदा पुढे पडला तर गुडघा सरळ होताना ग्राफ्ट वरच्या हाडाच्या कमानीला घासतो आणि शेवटचे पाच अंश सरळ होणं राहून जातं. धावणाऱ्या माणसाला ते पाच अंश फार महाग पडतात. पटेलर ग्राफ्ट लांब निघाला तर त्याचा हाडाचा तुकडा बोगद्याबाहेर डोकावतो, तो कसा बसवायचा हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. वर्षाला शेकडो गुडघे करणाऱ्याच्या हातून या चुका कमी होतात, आणि झाल्या तर त्याला त्या टेबलावरच दिसतात. नामवंतांकडे जाण्याचं हे खरं कारण आहे आणि ते पुरेसं चांगलं कारण आहे.

तरीही काही गोष्टी कोणत्याही हाताच्या आवाक्याबाहेर असतात. ब्रेडीच्या गुडघ्यात ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग झाला आणि सांधा धुऊन काढावा लागला. पुढे ऑस्ट्रेलियातून आलेली एक साधी पद्धत जगभर रुजली. ग्राफ्ट बसवण्याआधी तो व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवायचा. तिने संसर्गाचं प्रमाण ठळकपणे खाली आलं. तसंच पंचवीस वर्षांच्या आतल्या ६१८ रुग्णांवरचा एक मोठा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट लावलेल्यांत दोन वर्षांत ११ टक्के ग्राफ्ट तुटले. त्याच्या जोडीला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने मांडीवरच्या पट्ट्याचा आधार शिवलेल्यांत ४ टक्के. या दोन्ही गोष्टी कोणत्याही प्रशिक्षित सर्जनला करता येतात. त्यांच्यासाठी विमानाने बर्मिंगहॅमला जावं लागत नाही.

ऑपरेशन तास-दीड तासाचं, पुढचे नऊ महिने दुसऱ्यांच्या हातातले. बसवलेला ग्राफ्ट आधी कमकुवत होतो. त्याला रक्तपुरवठा नसतो, जुन्या पेशी मरतात आणि नव्या आत शिरतात. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सर्वांत नाजूक असतो, आणि नेमकं तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखत नसतं, खेळाडूला वाटतं आपण बरे झालो. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ व्हायलाच हवा आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळता यायला हवा. हे राहिलं तर आत व्रणाच्या गाठी होतात आणि पुढे दुसरं ऑपरेशन लागू शकतं. सरळ रेषेत धावणं तीन-चार महिन्यांनी, दिशा बदलत धावणं पाच-सहा महिन्यांनी, धक्काबुक्कीचा खेळ त्यानंतर. परवानगीआधी मांडीची ताकद यंत्रावर मोजतात आणि एका पायावर, लंगडी घालतो तशा, उड्यांचं अंतर मोजतात. दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत यावा, अशी रीत आहे. या मापात एक खोट आहे. आठ महिने खेळ बंद असताना चांगला पायही रोडावलेला असतो. म्हणून त्याची ताकद ऑपरेशनच्या आधीच मोजून ठेवावी लागते, नाहीतर नव्वद टक्के हा आकडा फसवतो.

या नऊ महिन्यांचं मोल किती? ओस्लोतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके महिने लांबलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. आणि युरोपातल्या अव्वल क्लबांच्या पंधरा वर्षांच्या नोंदींत असं दिसलं की एसीएल तुटलेले जवळजवळ सगळे पुरुष खेळाडू वर्षभरात मैदानावर परत आले, पण तीन वर्षांनंतर सर्वोच्च स्तरावर खेळणारे ६५ टक्केच उरले. सर्जनची कीर्ती पहिल्या आकड्यावर जगते. खेळाडूचं पोट दुसऱ्या आकड्यावर चालतं. पीटरसनच्या पुनरागमनाने एक नकोसा पायंडाही पाडला. पुढच्या खेळाडूला विचारलं जाऊ लागलं, की त्याला नऊ महिने लागले नाहीत, मग तुला का?

कीर्तीचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ती तंत्राला पुराव्यापेक्षा वेगाने पळवते. कोलोरॅडोतल्या व्हेल या गावी रिचर्ड स्टेडमन १९९० पासून होते. अमेरिकेच्या स्कीइंगपटूंपासून युरोपच्या फुटबॉलपटूंपर्यंत सगळे त्यांच्याकडे जात. रूड व्हान निस्टलरॉयचा गुडघा २००० साली तिथेच झाला आणि पुढच्या वर्षी मँचेस्टर युनायटेडने त्याला विकत घेतलं. कूर्चा झिजून उघड्या पडलेल्या हाडावर स्टेडमन यांनी ‘मायक्रोफ्रॅक्चर’ रूढ केलं. कूर्चेच्या कडा उभ्या कापून घ्यायच्या, तळाचा चुनखडीसारखा थर खरवडायचा, मग टोकदार अवजाराने तीन ते चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रं पाडायची. मज्जेतून आलेलं रक्त तिथे साकळतं आणि त्यातून नवी भर तयार होते. तळाचा थर नीट निघाला नाही तर गुठळी चिकटत नाही. छिद्रं फार जवळ पडली तर एकमेकांत मिसळून हाडाला खड्डा पडतो. आणि त्यानंतर सहा ते आठ आठवडे पायावर भार द्यायचा नाही, रोज सहा ते आठ तास यंत्रावर गुडघा हळूहळू हलवत ठेवायचा, हे स्टेडमन यांच्या पद्धतीचं अविभाज्य अंग होतं. हे तंत्र जगभर गेलं. स्वस्त, झटपट, दुर्बिणीतून होणारं. ते आठ आठवडे मात्र सगळीकडे गेले नाहीत. शिवाय छिद्रांतून येणारी भर ही मूळ गुळगुळीत कूर्चा नसते, तंतुमय असते, आणि दोन ते पाच वर्षांत अनेकांचा फायदा ओसरतो, हे नंतर उमगलं. मोठ्या व्रणांसाठी आज अनेक सर्जन ते टाळतात. नामवंत रुग्णांच्या गर्दीऐवजी नोंदवहीतल्या आकड्यांनी ते पसरलं असतं, तर कित्येक गुडघ्यांना निराळा उपचार मिळाला असता.

आता डॉक्टर कुणाचा, या प्रश्नाकडे येतो. तो मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

रॉबर्ट ग्रिफिन हा वॉशिंग्टनचा २२ वर्षांचा क्वार्टरबॅक, पहिल्याच हंगामात देशभर गाजलेला. कॉलेजात असताना २००९ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचं एसीएल एकदा झालेलं. ९ डिसेंबर २०१२ रोजी त्याच गुडघ्याला मार बसला. तो बाहेर गेला आणि थोड्या वेळात परत मैदानात आला. प्रशिक्षक माइक शॅनाहन यांनी सांगितलं, की बाजूलाच उभ्या असलेल्या अँड्र्यूज यांनी त्याला परत जायला हरकत नाही म्हटलं. अँड्र्यूज यांनी महिन्याभराने ‘यूएसए टुडे’ला सांगितलं, की ग्रिफिनने आपल्याला गुडघा पाहूच दिला नाही, तो खेळाडूंमधून फिरून सरळ मैदानात गेला. ही मुलाखत छापून आली त्याच दिवशी, ६ जानेवारी २०१३ रोजी, बाद फेरीच्या सामन्यात ग्रिफिनचा गुडघा आधी लंगडला आणि चौथ्या सत्रात पार कोलमडला. ९ जानेवारीला ऑपरेशन झालं, अँड्र्यूज यांच्याच हातून. सप्टेंबरमध्ये, आठ महिन्यांनी, तो पहिल्या सामन्यात उतरला. पहिल्या हंगामातली ती धाव त्याला पुन्हा सापडली नाही.

इथे कोण खोटं बोललं हा माझा प्रश्न नाही. मैदानाच्या कडेला संघाचा सल्लागार म्हणून उभा असलेला, तीन दिवसांनी शस्त्रक्रिया करणारा आणि पुढे परत खेळण्याबाबत ज्याचं मत निर्णायक ठरणार तो, ही तिन्ही माणसं एकच होती. आणि पहिल्या घटनेची, म्हणजे ‘कुणी सोडलं’ याची, लेखी नोंद लोकांसमोर कधी आली नाही.

असोसिएशन फुटबॉलमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, गुंता वेगळ्या वळणाचा आहे. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी नेमारच्या उजव्या पायाच्या करंगळीमागचं पाचवं हाड मोडलं. पगार पॅरिसचा क्लब देत होता, विश्वचषक साडेतीन महिन्यांवर होता आणि ऑपरेशन ३ मार्चला ब्राझीलमध्ये, बेलो होरिझोंतेला, राष्ट्रीय संघाचे डॉक्टर रॉड्रिगो लास्मार यांनी केलं. क्लबने आपल्या बाजूने जेरार सायाँ यांना हजर ठेवलं, म्हणजे ज्यांनी ब्राझीलच्या रोनाल्डोचा गुडघा केला होता त्यांनाच. नेमार १७ जूनला विश्वचषकात खेळला. पुढच्या जानेवारीत तेच हाड पुन्हा दुखावलं. या हाडाच्या तळाशी रक्तपुरवठा तोकडा असतो, ते उशिरा जुळतं आणि पुन्हा मोडतं, हे पाठ्यपुस्तकात आहे. दोघेही डॉक्टर उत्तम. पण एक देशाचा, एक क्लबचा, आणि तारीख विश्वचषकाने ठरवलेली.

अमेरिकेत याला पैशाचं आणखी एक अंग आहे. लोकांना वाटतं क्लब डॉक्टरला पैसे देतो. अनेक ठिकाणी उलटं असतं: रुग्णालय ‘अधिकृत आरोग्यसेवा भागीदार’ म्हणून क्लबला प्रायोजकत्वाचे पैसे देतं आणि त्या करारासोबत संघाचे डॉक्टर येतात. न्यूयॉर्क टाइम्सने २००४ मध्येच यावर सविस्तर लिहिलं होतं. रुग्णालयाला ते परवडतं, कारण शहरातला प्रत्येक गुडघेदुखीवाला मग ‘आपल्या संघाच्या डॉक्टरकडे’ जातो. ज्याच्या संस्थेने हे नातं विकत घेतलंय, त्या डॉक्टरला क्लबच्या मालकाला ‘हा खेळाडू या वर्षी खेळणार नाही’ असं सांगायला किती बळ लागेल, याचा विचार करावा.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक करारामुळे एनएफएलच्या खेळाडूला क्लबच्या खर्चाने दुसरं मत घेण्याचा आणि आपला सर्जन निवडण्याचा हक्क आहे. नामवंत सर्जनांचं महत्त्व वाढायला हा हक्कही कारणीभूत आहे, आणि तो हवाच. मात्र तो ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतो आणि तिथे थांबतो. खेळाडू परत येतो तो क्लबच्याच फिजिओकडे, क्लबच्याच डॉक्टरकडे. फिलाडेल्फियाच्या संघातल्या क्रिस मॅरागोसचं प्रकरण इथे आठवतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच्या गुडघ्याचं मागचं लिगामेंट फाटलं. शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरातल्या नावाजलेल्या सर्जनने केली, पुढचे उपचार त्याच्या शहरातल्या नामांकित संस्थेत झाले. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली असताना तिच्याकडे दुर्लक्ष करून व्यायाम पुढे रेटला गेला, असा त्याचा दावा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल देत ४ कोटी ३५ लाख डॉलर भरपाई ठरवली, सर्जन आणि संस्था दोघांवर. तो परत खेळला नाही.

हार्वर्डच्या अभ्यासगटाने नोव्हेंबर २०१६ मध्ये यावर एक स्पष्ट उपाय मांडला होता. क्लबच्या डॉक्टरांची दोन कामं तोडा. खेळाडूवर उपचार करणारे डॉक्टर लीग आणि खेळाडू संघटना यांच्या संयुक्त समितीने नेमावेत आणि त्यांची नेमणूक क्लबच्या हाती नसावी. क्लबला खेळाडूची योग्यता तपासायची असेल तर त्यासाठी त्याने आपला वेगळा डॉक्टर ठेवावा. लीगने हा प्रस्ताव नाकारला. आपल्या डॉक्टरांत हितसंबंधांचा संघर्ष नाही, असं तिचं म्हणणं. या अभ्यासाला पैसा खेळाडू संघटनेकडून आला होता, हेही सांगायला हवं. पण त्यामुळे प्रस्तावातला तर्क खोटा पडत नाही. न्यायाधीशाचा पगार एका पक्षकाराने द्यावा, असं आपण म्हणणार नाही.

निकाल उघड करण्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. सर्जनचे आकडे जाहीर झाले तर तो अवघड गुडघे टाळेल: दुसऱ्यांदा तुटलेले, तीन लिगामेंट गेलेले, आधी कुणी बिघडवलेले. हे खरोखर घडू शकतं. म्हणून आकडे नुसत्या टक्क्यांत न देता दुखापतीच्या प्रकारानुसार आणि पहिली की फेरशस्त्रक्रिया यानुसार द्यावे लागतील. नॉर्वेने २००४ मध्ये आणि स्वीडन, डेन्मार्कने लगेच पुढच्या वर्षी एसीएलच्या राष्ट्रीय नोंदवह्या सुरू केल्या. कोणता ग्राफ्ट जास्त टिकतो याची आजची बरीचशी पक्की माहिती तिथून आली, कुठल्याही प्रसिद्ध खेळाडूच्या पुनरागमनातून नव्हे. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. चार डझन रुग्णांच्या बेरजेत कुणाचंही नाव लागत नाही. उलट आज नाव, गुडघा, तारीख सगळं जाहीर होतं आणि निकाल तेवढा झाकलेला राहतो.

महाराष्ट्राशी याचा संबंध दूरचा नाही. मुंबईत कोकिलाबेन रुग्णालयात दिनशा पारडीवाला यांनी २०१९ मध्ये नीरज चोप्राचं कोपर आणि २०२३ मध्ये ऋषभ पंतचा गुडघा केला. त्यांचं नाव आज आपल्याकडे बर्मिंगहॅमसारखं घेतलं जातं. चांगलंच आहे, सचिनच्या कोपरासाठी २००५ मध्ये लंडन गाठावं लागलं होतं. पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीकडून खेळणाऱ्या, किंवा गोव्यात म्हापशाच्या दुलेर मैदानावर उतरणाऱ्या पोराने या बातम्यांतून काय घ्यायचं? मोठ्या नावाकडे जाण्यासाठी घरच्यांनी सोनं गहाण टाकायचं आणि ऑपरेशननंतर फिजिओला पैसे उरले नाहीत म्हणून सहाव्या आठवड्यात व्यायाम सोडायचा, हा सर्वांत वाईट सौदा आहे. हातात असलेल्या पैशांतला मोठा वाटा त्या नऊ महिन्यांसाठी राखून ठेवावा आणि उरलेल्यात जवळचा, हेच ऑपरेशन नियमित करणारा सर्जन शोधावा. त्याला विचारावं की वर्षाला किती एसीएल करता, माझ्या वयाला कोणता ग्राफ्ट आणि का, गादी फाटली असेल तर शिवणार की कापणार. गादी कापली की महिन्या-दीड महिन्यात खेळता येतं आणि शिवली तर चार ते सहा महिने थांबावं लागतं. पण कापलेला गुडघा पुढे लवकर झिजतो, म्हणून शिवता येण्यासारखी असेल तर शिवावी. गुडघा सुजलेला आणि ताठर असताना घाईने टेबलावर झोपू नये. आधी तो पूर्ण सरळ करून घ्यावा.

आणि ऑपरेशन लागतंच का, हेही विचारावं. स्वीडनमधल्या १२१ तरुणांवरचा २०१०चा अभ्यास व्यावसायिक खेळाडूंचा नव्हता, म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे. ५९ जणांना आधी नुसता व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. दोन वर्षांत २३ जणांना ते करावं लागलं, ३६ जणांना नाही, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था तेव्हा सारखीच होती. ज्याला पाय रोवून वळण्याचाच खेळ पुढे खेळायचा आहे आणि ज्याचा गुडघा पुन्हा पुन्हा सटकतो, त्याने मात्र फार थांबू नये. प्रत्येक सटकण्यात गादी फाटण्याचा धोका असतो.

आपल्या क्रीडा संघटनांकडून सुरुवातीला एकच कागद मागायला हवा. खेळाडू मैदानात परततो त्या दिवसाचा. त्यावर ऑपरेशनची तारीख, ग्राफ्टचा प्रकार, दोन्ही मांड्यांच्या ताकदीचे आकडे, लंगडीच्या उड्यांचं अंतर सेंटिमीटरमध्ये, आणि खेळायला परवानगी देणाऱ्या डॉक्टरची सही, तो क्लबचा आहे की खेळाडूने निवडलेला या उल्लेखासह. एक प्रत खेळाडूकडे, एक संघटनेकडे. मग ‘कुणी सोडलं’ हे नंतर कुणाच्या आठवणीवर ठरवावं लागणार नाही.